आजी थांबते तिथे यंत्र बोलू लागतं : पीएचडी प्रवेशाचा माझा अनुभव

गॅस सिलिंडर नोंदवायला आजीने फोन लावला होता. पलीकडून यंत्राने ग्राहक क्रमांक विचारला. आजीने चार आकडे सांगितले, पुढचे वाचायला वही डोळ्यांजवळ धरली आणि तेवढ्यात यंत्र म्हणालं, "माफ करा, समजलं नाही." तीनदा असंच झाल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला. "तो म्हजें आयकनाच गे बाये."

गोव्यात वाळपईच्या आमच्या घरातला हा प्रसंग पुढे माझ्या पीएचडीचा विषय झाला. पण ते उमगायला मला एक नकार पचवावा लागला.

फर्मागुडीला इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं आणि नंतर दोन वर्षं वेर्ण्याला नोकरी. गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर बरा आला होता आणि तो तीन वर्षं चालतो, त्यामुळे घाई नव्हती. वाणी-तंत्रज्ञानावर, म्हणजे यंत्राला माणसाचं बोलणं समजावं आणि बोलता यावं यासाठीच्या तंत्रावर, मद्रास, गुवाहाटी, धारवाड आणि मुंबईच्या आयआयटींत, बंगळुरूच्या आयआयएस्सीत आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीत काम चालतं, एवढी माहिती काढून मी अर्ज भरले. प्रपोजलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, लिहिलं, 'मराठी आणि कोकणीसाठी बोलणारा सहायक तयार करणे.' पानभर मोठमोठी वाक्यं होती. त्यात प्रश्न मात्र एकही नव्हता.

एका संस्थेने मुलाखतीला बोलावलं. पहिलाच प्रश्न आला : साध्या फोनवर 'स' आणि इंग्रजीतला 'एफ' ऐकताना गोंधळ का होतो? मला न्यूरल नेटवर्कबद्दल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालींबद्दल, बोलायचं होतं आणि इथेच मी अडखळले. उत्तर अगदी मूलभूत आहे. जुन्या टेलिफोन व्यवस्थेत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, म्हणून ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. प्रत्यक्षात तर ३४०० च्या आसपासच कापलं जातं. 'स'ची बरीचशी ऊर्जा त्याच्याही वर असते. ती गेली की उरते नुसती फुसफुस. जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो, हे नायक्विस्टचं प्रमेय मी कॉलेजात पाठ केलं होतं, पण ते आपल्या 'स'ला लागू पडतं हे कधी मनातच आलं नव्हतं. निवड झाली नाही. मंडळातल्या एका सरांनी जाताना मात्र सांगितलं, "तुमच्याकडे साधन आहे, प्रश्न नाही. आधी आवाज ऐका."

ते मी अक्षरशः केलं. चवथीच्या सुट्टीत ओसरीवर फोन ठेवून आजी आणि शेजारच्या मावशी यांच्या गप्पा रेकॉर्ड केल्या, अर्थात दोघींना विचारून. प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ध्वनिलहर पाहत कोण कधी थांबलं आणि कोणी कधी सुरुवात केली याच्या खुणा केल्या. दोन तासांच्या बोलण्याला तीन आठवडे लागले. ज्यांना या विषयात यायचं आहे त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे काम एकदा स्वतः हातांनी करा, दुसऱ्यावर सोपवू नका.

कारण तिथेच मला माझा प्रश्न सापडला. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं, असं त्यात दिसलं. एक शब्द मनात जुळवून उच्चारायलाच साधारण ६०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ऐकणारा माणूस समोरचा थांबण्याआधीच तयारीला लागलेला असतो. आवाजाची उतरण आणि वाक्याची घडण यांवरून त्याला अंदाज येतो. बरीच यंत्रं मात्र ठरावीक काळ शांतता झाली की बोलणं संपलं असं धरतात. आजी 'आनी मागीर' (आणि मग) म्हणून थांबते तेव्हा मावशी गप्प राहते, फार तर 'हूं' म्हणते. त्या 'मागीर'नंतर गोष्ट यायची आहे हे मावशीला ठाऊक असतं, आणि यंत्राला ते कळत नाही. शिवाय आजी घरात कोकणी बोलते, हरिपाठ मराठीत म्हणते आणि मराठी पेपरातली बातमी सांगताना त्याच वाक्यात दोन्हीकडून जाते-येते. अशा मिश्र बोलण्यात वाक्य कुठे संपतं हे यंत्राने कसं ओळखावं? नवीन प्रपोजलचं पहिलं वाक्य हेच होतं.

पुढच्या फेरीत गाइडना ईमेल लिहायची पद्धत बदलली. आधी चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला होता, उत्तरं आली दोन. या वेळी फक्त सहा जणांना लिहिलं. प्रत्येकाचा एक शोधनिबंध नीट वाचला, त्यातल्या एका आकृतीबद्दल विचारलं आणि रेकॉर्डिंगमधली बारा सेकंदं जोडली. चौघांनी उत्तर दिलं.

परदेशासाठी युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या एका जागेलाही अर्ज केला होता. तिथे पीएचडी ही करारावरची पगारी नोकरी असते आणि अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट असलेली मुलं मला विचारतात, आम्हाला चालेल का? या अटीत पासपोर्ट बघत नाहीत, तुम्ही कुठे राहिलात आणि कुठे काम केलंत ते बघतात. माझी दुसऱ्या फेरीपर्यंत मजल गेली, पुढे नाही.

पैशाचं घरी बोलावंच लागतं. जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना मिळणारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. वेर्ण्याचा पगार याहून जास्त होता. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कर्ज नाही ना काढायचं? मग जा."

दुसऱ्या मुलाखतीत चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटं त्या बारा सेकंदांवरच गेली. फळ्यावर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्या वेळेनुसार दाखवणारं चित्र, काढायला लावला. मग विचारलं, यंत्राने ऐकून लिहिलेल्या मराठीत किती शब्द चुकले हे मोजताना अडचण काय येते? 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द धरला जातो. एक अक्षर चुकलं तरी पूर्ण शब्द चूक, त्यामुळे इंग्रजीचे आकडे आणि आपले आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी पुढे विचारलं, मग तू कसं मोजशील? अक्षरांच्या पातळीवरचं मोजमाप सोबत देईन असं म्हटलं, पण त्यानेही पूर्ण समाधान होत नाही हे कबूल केलं. निकाल अकराव्या दिवशी आला.

जानेवारीत रुजू व्हायचं आहे. सध्या संमतीपत्र लिहिते आहे, कारण आवाजावरून माणूस ओळखता येतो, नुसतं नाव काढून भागत नाही. पहिला मसुदा आजीला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो शेजारच्या भांडणाचा भागही लोक ऐकणार का? मी म्हटलं, तुला नको असेल तर नाही. मग तिने तो काढायला सांगितला. जवळजवळ चार मिनिटं होती, आणि सगळ्यात सुंदर थांबे त्याच चार मिनिटांत होते. तिच्यासमोरच ती पुसली.