मुदत वाढवून मिळेल

डिसेंबर उजाडला की आमच्या वाचनालयात चुन्याचा वास येतो. वर्धापनदिनाआधी दर्शनी भिंत पांढरी करायची, कपाटांच्या काचा रद्दीच्या ओल्या बोळ्याने पुसायच्या, सतरंज्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, हा क्रम मी नोकरीला लागले तेव्हाही होता आणि आजही आहे. देवघेवीच्या टेबलामागे माझी 26 वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर कार्यकारिणीवर घेतलं. त्यामुळे हा दिवस मी सभासदांची कार्डं काढणारी म्हणूनही पाहिला आणि आता व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवरूनही पाहते. टेबलामागून तो जास्त चांगला दिसायचा. कोण आलं आणि कोण आलं नाही, ते तिथून बरोबर कळायचं.

गाव कोकणातलं, तालुक्याचं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. अशा थोरल्या भावंडांच्या जिल्ह्यात आमच्या लहान वाचनालयाचं काय कौतुक, असं गावातलेच लोक म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. सकाळी साडेसातला आमची वर्तमानपत्रांची खोली उघडते. तिथे बसायला वर्गणी लागत नाही, कोणी नाव विचारत नाही. मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा, सगळ्या परीक्षांची मुलं तिथे रात्री नऊपर्यंत बसतात. शनिवारी दुपारी मुलांना गोष्टी सांगतात. वाड्यांवरच्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या जातात आणि महिन्याने बदलून येतात. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी पुस्तक पोचतं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गाचं वाचनालय आहे आमचं. तो वर्ग टिकवायला काय काय करावं लागतं ते आम्हालाच माहीत.

कार्यक्रमाचा पहिला तास सगळीकडे असतो तसाच. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत पोथी, गाथा आणि राज्यघटनेची प्रत, पुढे कन्याशाळेचं लेझीम पथक, बाजारपेठेतून मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अहवालवाचन, सत्कार. अहवालातले आकडे मीच वर्षानुवर्षं काढून दिले आहेत, तरी ते ऐकताना माझं लक्ष दाराकडेच असतं.

दाराकडे लक्ष असण्याचं कारण आता सांगतेच. दीडशे खुर्च्या मांडतो. भरतात साठ-सत्तर. त्यातही पुढच्या दोन रांगा सत्कारमूर्ती आणि त्यांच्या नातेवाइकांच्या, आपापला सत्कार झाला की उठणाऱ्या. सभासद सहाशेच्या वर आहेत. दिवाळी अंकांची योजना सुरू होते त्या दिवशी हेच सभासद नऊच्या आत पायरीवर रांग लावून उभे असतात. हवा तो अंक पहिल्या दिवशी मिळाला नाही तर अख्खा आठवडा माझ्याशी बोलणं टाकणारी माणसं आहेत त्यात. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला ही ओढ लागली आहे, आणि तिचा मला आनंदच आहे. पण त्याच माणसांनी वर्षातला एक रविवार द्यायला काय हरकत आहे? वार्षिक सर्वसाधारण सभेचंही तेच. निवडणुकीचं वर्ष असलं तर हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. एरवी गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, आलेल्या सभासदांत पुन्हा भरवायची. तो अर्धा तास मला फार लागतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून सगळे घड्याळाकडे बघत असतात.

तरीही हा दिवस मी एकदाही चुकवलेला नाही. तो ‘वाचक मनोगता’साठी.

मनोगत पूर्वी नव्हतं, ते अडचणीतून सुरू झालं. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांची गाडी घाटात बंद पडली. माइक सुरू, लोक बसलेले, आणि बोलायला कोणी नाही. तेव्हाच्या अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वर्तमानपत्रांच्या खोलीत रोज येणाऱ्या एका निवृत्त एसटी चालकांना हाताला धरून वर आणलं. त्यांना घाम फुटला होता. ते मुक्कामी गाडीवर असायचे. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. ते म्हणाले, “गावात लाईट नसायची, पण गाडीत असायची. गाडी लावली की मी केबिनमध्ये दिवा लावून वाचत बसायचो. सकाळी बॅटरी उतरलेली निघाली तर लोकांना धक्का मारायला लावायचो. ते का ढकलतायत, ते त्यांना मी कधी सांगितलं नाही. आज सांगतो.” हॉल हसला, टाळ्या वाजल्या. मला मात्र त्यांनी परत केलेली पुस्तकं आठवली. त्यांच्या प्रत्येक पुस्तकात खुणेला एसटीचं तिकीट असायचं, घडी घातलेलं. मी ती तिकिटं काढून टोपलीत टाकत आले होते. एक जरी ठेवलं असतं तरी आज ते माझ्याजवळ असतं.

पुढच्या वर्षीपासून मनोगत कार्यक्रमपत्रिकेत छापून येऊ लागलं. नियम दोनच. बोलणारा साधा सभासद हवा, पदाधिकारी नको. आणि पुस्तकाचा सारांश सांगायचा नाही, आपण कधी, कुठे, कसं वाचतो ते सांगायचं. त्यानंतर ऐकलेली पाहुण्यांची भाषणं मला फारशी आठवत नाहीत. एकांनी तर तासभर बोलून मनोगताची वेळ खाल्ली आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. त्या वर्षी बोलायची होती ती अभ्यासिकेतली मुलगी, हातातली चिठ्ठी चुरगाळत खालीच बसून राहिली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मनोगतं मात्र मला तारखेवार आठवतात.

त्यातलं एक सांगते. ते सांगायला मला सोपं नाही.

स्टँडच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एक भाजीवाल्या मावशी आमच्या सभासद होत्या. मुलगी अभ्यासिकेत यायची, तिला न्यायला यायच्या, आणि एक दिवस स्वतःची वर्गणी भरून गेल्या. पुस्तकाची मुदत 15 दिवस. त्यांचं पुस्तक दर वेळी उशिरा यायचं, दहा-बारा दिवसांनी तरी. दिवसाला 1 रुपया दंड. मी दंडाचं पुस्तक पुढे ओढायची, पावती फाडायची, त्या कनवटीची पिशवी सोडून नाणी मोजून टेबलावर ठेवायच्या. नाणी ओलसर असायची, कोथिंबिरीचा वास यायचा. आम्ही कधी बोललो नाही. मागे रांग असायची आणि मी माझं काम करत होते.

त्यांना मनोगताला बोलवायचं सुचवलं ते शिपाईमामांनी. माइक त्यांच्या उंचीला उतरवेपर्यंत त्या गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “मी चौथीपर्यंत शिकले. मला एक पान वाचायला लय वेळ लागतो. बोट ठेवून वाचते. लेकीला झोप लागली की बसते. पंधरा दिवसांत पुस्तक अर्धं पण होत नाय. पण अर्धं टाकून कसं देऊ? पुढं काय झालं ते कळाया नको?” आणि माझ्याकडे बघून, अगदी सहज, “म्हणून मी दंड भरते. ताईंना ठाव हाय. सावकाश वाचायचे पैसे जास्त पडतात.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की भरभर वाचणाऱ्याला एक दर आणि सावकाश वाचणाऱ्याला दुसरा. पुस्तकाची मुदत वाढवून मिळते, नुसतं सांगायचं असतं, शिक्का मारून तारीख बदलली की झालं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. सांगायची ती मी होते. अकरा महिने मी त्यांच्या हातात पावती दिली होती.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन, त्यांची पाच सूत्रं आम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतली होती. 12 ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आम्ही ती फळ्यावरही लिहितो. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. वेळ वाचवायचा म्हणजे रांग भराभर पुढे सरकवायची, असंच मी धरून चालले होते. त्या रात्री मी घरी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दंडाच्या पावत्यांची स्थळप्रत काढून बेरीज केली आणि तेवढे पैसे मावशींकडे घेऊन गेले. त्यांनी ते घेतले नाहीत. मूठभर गवार माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “वाचलं ना मी ते, मग फुकट कुठं गेले?” पैसे मी बालविभागाच्या खात्यात जमा केले. त्याच आठवड्यात देवघेवीच्या टेबलावर पाटी लागली: ‘पुस्तक वाचून झालं नसेल तर सांगा. मुदत वाढवून मिळेल.’ पाटी अजून आहे. अक्षरं दोनदा गिरवून घेतली आहेत.

कोरोनाच्या वर्षाचं मनोगतही राहून जाऊ नये. मार्च 2020 मध्ये कुलूप लागलं. राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, 2015 पासून आपण ज्या दिवशी वाचन प्रेरणा दिन पाळतो त्याच दिवशी. कुलूप काढताना किल्ली फिरेना, गंज चढला होता. आत वाळवीने एका कपाटाचा तळ खाल्ला होता. डिसेंबरात दिंडी नाही, लेझीम नाही. व्हरांड्यात अंतर ठेवून अकरा माणसं, सगळ्यांना मास्क. त्या वर्षी मनोगत पत्राने आलं. आमचे सगळ्यात जुने सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, तेव्हा 84 वर्षांचे. त्यांनी पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आणि शिपाईमामांनी ते वाचून दाखवलं. टाळेबंदी लागली तेव्हा वाचनालयाचं एकच पुस्तक घरात होतं. ते सात महिन्यांत चार वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी कंटाळून समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या, चौथ्या वेळी त्या खोडल्या. तरी कागदावर वळ राहिले असतील, माफी असावी. आणि शेवटची ओळ: ‘आता दुसरं द्या.’ मामांना ती ओळ वाचता आली नाही. मी वाचली.

ते पुस्तक मी मुद्दाम काढून पाहिलं. समासात खरंच वळ आहेत, उजेडात तिरकं धरलं की दिसतात. बाद पुस्तकांच्या यादीत ते कधी घालू देणार नाही.

आता ज्यांच्यामुळे हा दिवस होतो त्यांना आठवते. आभार मानताना घाईत कोणीतरी सुटतंच आणि मग मला रात्रभर टोचत राहतं. मंडपवाले काका, जे खुर्च्यांचं अर्धंच भाडं घेतात. माइकवाला मुलगा, आणि त्याच्याआधी त्याचे वडील. हायस्कूलचे मराठीचे सर, सूत्रसंचालन त्यांचं, आणि बाकं द्यायला ना म्हणत नाहीत ते मुख्याध्यापक. रांगोळी काढणाऱ्या अभ्यासिकेतल्या मुली. त्यातल्या दोघी आता सरकारी नोकरीत आहेत, तरी त्या दिवशी रजा टाकून येतात. पालखी सजवणाऱ्या गुरव घरातल्या वहिनी. दिंडीच्या वाटेवर पाणी मारणारे नगरपंचायतीचे कर्मचारी. अहवाल छापून देणारा छापखाना. सुटी पानं शिवून पुस्तकांना पुठ्ठा चढवणारे बाइंडर आजोबा, ते गेले, पण त्यांनी बांधलेली पुस्तकं अजून घट्ट आहेत. पेटी वाजवणाऱ्या बाई. फोटोवाले, जे प्रिंटचे तेवढेच पैसे घेतात. वीज गेली तर लागेल म्हणून स्वतःचा इन्व्हर्टर रिक्षात घालून आणणारे हार्डवेअरवाले. पाटी रंगवणारे पेंटर, आणि तीच पाटी पुन्हा गिरवणारा त्यांचा मुलगा. ग्रंथपाल बाई, ज्यांना महिन्याला किती मिळतात ते लिहायची मला लाज वाटते, आणि ज्या त्या दिवशी सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी जातात. शिपाईमामा. त्यांचं नाव कोणी घेत नाही कारण ते घरचेच, म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे. उपमा करणाऱ्या तिघी जावा. चहावाला, ज्याने यंदा कपांचा हिशेबच केला नाही.

आणि उपम्यावरची कोथिंबीर. ती मावशींकडून येते, दर वर्षी, सकाळी सहाला, धुऊन निवडलेली. कार्यक्रम संपून माणसं पांगली की त्या टेबलाशी येतात. त्या दिवशी देवघेव बंद असते, तरी ग्रंथपाल बाई त्यांच्यासाठी शिक्का काढतात. मावशी पिशवीतून पुस्तक काढतात, खुणेच्या पानावर बोट ठेवतात आणि म्हणतात, “इथवर आलेय. तारीख पुढं टाका.”