सर्दीत नाकाचं काय करायचं: मीठपाणी, वाफ, काढा आणि नको ते प्राणायाम

सर्दी झाली की पहिला सल्ला येतो, "अनुलोम-विलोम कर, मोकळं होईल." दोन्ही नाकपुड्या ठार बंद असताना तो करायचा कसा, हे मात्र सल्ला देणारा सांगत नाही. जोर लावून श्वास ओढला की नाक आणखी बसतं, डोकं जड होतं आणि माणूस योगालाच नावं ठेवतो. म्हणून आधी नाकात काय चाललंय ते बघू.

नाक चोंदतं ते शेंबडामुळे कमी आणि सुजेमुळे जास्त. नाकाच्या आतल्या बाजूला मांसल घड्या असतात. विषाणू शिरला की त्यांत रक्त भरतं, त्या फुगतात आणि हवेची वाट अडते. त्यामुळे कितीही जोरात शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही, उलट सूज वाढते. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे आहेत, त्यांतला ऱ्हायनोव्हायरस सगळ्यात नेहमीचा. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि स्वयंपाकघरातलं काहीही त्यांना मारत नाही. सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो. घरच्या उपायांचं काम एवढंच: सूज उतरवणं, शेंबूड पातळ करणं, घसा शांत करणं आणि रात्रीची झोप वाचवणं.

त्याआधी, ही सर्दीच आहे ना? ठाण्याच्या घोडबंदर रोडची बांधकामाची धूळ, नवी मुंबईच्या तुर्भे-महापे या कारखान्यांच्या पट्ट्यातली हवा, ग्रिलमध्ये घरटी करून बसलेली कबुतरं, यांनी वाहणारं नाक हे बऱ्याचदा ॲलर्जीचं असतं. अंगात कणकण नाही, सकाळी उठल्या उठल्या सलग शिंका, डोळे आणि टाळू खाजतात, नाकातून निव्वळ पाणी, आणि दोन आठवडे उलटले तरी तेच, तर ती ॲलर्जी समजा. तिथे नाक धुण्याचा उपयोग होतो, काढ्याचा नाही. दुसरी बाजू जास्त गंभीर. जुलै ते ऑक्टोबरमध्ये सणसणीत ताप आहे पण नाक वाहत नाही, घसा दुखत नाही, तर ते मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतं. तिथे काढ्यावर दोन दिवस घालवू नका, रक्त तपासा. धाप लागणं, तीन दिवसांवर गेलेला ताप, कानात ठणका, किंवा बरं वाटायला लागल्यावर पुन्हा ताप येऊन गाल-कपाळ एका बाजूने दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर त्याच दिवशी.

आता मुख्य गोष्ट, जलनेती, म्हणजे तोटीच्या भांड्याने मीठपाणी घालून नाक धुणं. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर अशा संस्थांमुळे ठाण्यात नेतीचं भांडं बऱ्याच घरांत असतं, पण ते माळ्यावर! सगळ्या घरगुती उपायांत मी पहिला नंबर यालाच देईन. एडिंबरामध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्दीच्या सुरुवातीलाच जास्त खारट पाण्याने नाक धुणं आणि गुळण्या करणं सुरू केलेल्या लोकांची सर्दी सरासरी १.९ दिवस आधी संपली. चाचणी छोटी होती, पण काढ्याच्या मागे तेवढाही आधार नाही. सूतनेती मात्र सर्दीत अजिबात नको. सुजलेल्या आवरणावर दोरी किंवा रबरी नळी घासली की रक्त येतं.

पाणी. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही, इथे सवलत नाही. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊन येतं हे खरं, पण त्यानंतर ते सोसायटीच्या खालच्या टाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत मुक्काम करतं. कधी मध्ये टँकरही असतो. तेच पाणी प्यायलं तर पोटातलं आम्ल बरंच काही निभावून नेतं, नाकात तसं काही नसतं. नेग्लेरिया फौलेरी नावाचा अमीबा गोड्या, कोमट पाण्यात राहतो आणि नाकातून थेट मेंदूकडे जातो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे दोन माणसं गेली. असा संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. आरओ किंवा यूव्हीचं पाणी, सीलबंद बाटलीतलं पाणी, सगळं उकळूनच घ्या. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या, झाकून निववा आणि चोवीस तासांत संपवा.

मीठ. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या मापाच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा बारीक मीठ. आपले चहाचे चमचे प्रत्येक घरात वेगळे असतात, म्हणून एकदा काट्यावर मोजून आपल्या चमच्याचं माप ठरवून टाका. जाडं किंवा खडे मीठ चमच्यात कमी बसतं, ते वजनानेच घ्या. सैंधव घेतलंत तर पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून मग उकळा, त्यात बारीक कचकच असते. नाकात झणझणलं तर समजायचं की मीठ कमी पडलं किंवा फार झालं. स्विमिंग पूलचं पाणी नाकात गेल्यावर कपाळात जाते तशी कळ आली तर मीठ कमी आहे. चिमूटभर खायचा सोडा घातला तर झोंबणं कमी होतं. नाक फारच घट्ट असेल तर मीठ सहा-सात ग्रॅमपर्यंत चालतं, त्याने सुजेतलं पाणी ओढलं जातं.

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा: ना गरम, ना गार. बेसिनवर वाका, डोकं एका कुशीला वळवा, कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास. वरच्या नाकपुडीत तोटी बसवा आणि भांडं हळूहळू उचला. हलका "आऽऽ" असा आवाज चालू ठेवलात तर पाणी घशात उतरत नाही. मध्ये बोलायचं नाही, गिळायचं नाही. अर्धं भांडं एका बाजूने, उरलेलं दुसऱ्या बाजूने. पाणी घशात येत असेल तर कपाळ हनुवटीपेक्षा वर राहिलंय, कपाळात चढत असेल तर डोकं फार खाली गेलंय. पाणी दुसऱ्या बाजूने येतच नसेल तर दाबाच्या बाटलीने ढकलू नका, ते कानाच्या नळीकडे जातं. आधी दहा मिनिटं घरात चाला, चालण्याने नाकाची सूज थोडा वेळ उतरते, मग पुन्हा बघा. दोन्ही बाजू ठार बंद असतील तर त्या वेळेला नेती सोडून द्या.

बहुतेकांचं बिघडतं ते यानंतर. नेती झाल्यावर एक नाकपुडी दाबून दुसरीतून फर्रकन शिंकरतात आणि रात्री कान दुखायला लागतो. तसं नाही करायचं. कमरेतून वाका, डोकं खाली सोडा, हळूच डावीकडे-उजवीकडे वळवा, पाणी आपोआप गळतं. मग दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून दहा-पंधरा हलके उच्छ्वास. पुढचा अर्धा तास थेंब-थेंब येत राहतो, म्हणून नेती करून लगेच आडवं व्हायचं नाही आणि लगेच एसी लोकलमध्येही बसायचं नाही. झोपायच्या निदान तासभर आधी उरकून घ्या. सर्दीत दिवसातून एक-दोनदा पुरे. कान फुटलेला असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, घोळणा फुटत असेल तर नको. भांडं ज्याचं त्याचं वेगळं, तांब्याचं नको (मीठ त्याला खातं), साबणाने धुऊन उकळलेल्या पाण्याने विसळून पालथं वाळवायचं.

आता प्राणायाम. सर्दीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत कपालभाती आणि भस्त्रिका बंद. जोराच्या झटक्यांनी शेंबूड कानाकडे जातो आणि तापात शरीराला तो भार नको असतो. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, अधोमुख श्वानासन यांत डोकं खाली जातं, सायनसमध्ये (गाल-कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये) ठणका भरतो. तेही बंद. नाक थोडं उघडलं की भ्रामरी, म्हणजे गुणगुणण्याचा प्राणायाम, करा. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे पंधरा पट वाढतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलंय. गुणगुणण्याच्या कंपनाने सायनसमधली हवाही खेळती राहते. त्याने सर्दी बरी होते असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण कपाळ हलकं वाटतं. सहज श्वास घ्या, ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून "म्‌ऽऽ", पाच-सात वेळा. कानात बोटं घट्ट दाबू नका, सर्दीत कानात आधीच दडा बसलेला असतो. नाक पूर्ण बंद असेल तर भ्रामरी होतच नाही, ओठ मिटून करून बघा म्हणजे कळेल.

रात्रीसाठी एक बिनखर्चाची युक्ती: उजवी नाकपुडी बंद असेल तर डाव्या कुशीवर झोपा. वरच्या बाजूची नाकपुडी दहा-एक मिनिटांत मोकळी व्हायला लागते. उशी एक जास्त घ्या. औषधाच्या दुकानातले नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपुढे घालू नका, नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं.

वाफेबद्दल माझं मत बहुतेकांना आवडणार नाही. वाफेने सर्दी लवकर जाते असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. तेवढ्यापुरता आराम मिळतो, आणि तो हवा असेल तर जरूर घ्या, पण पातेलं टेबलावर, पसरट बुडाचं, गॅसवरून उतरवून दोन मिनिटांनी, चेहरा हातभर लांब, पाच मिनिटं. मांडीवर किंवा पलंगावर पातेलं घेऊन भाजल्याचे प्रकार घडतात. लहान मुलांना अशी वाफ देऊच नका. त्यात कापूर, बाम टाकायची गरज नाही. त्यापेक्षा ओव्याची पुरचुंडी करा: दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून, किंचित चोळून सुती फडक्यात बांधायचा आणि मधूनमधून हुंगायचा. ओव्यातल्या थायमॉलमुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. आणि ऑनलाइन दिसणारा तो ह्युमिडिफायर पावसाळ्यात घेऊ नका. आपल्या खाडीकाठच्या हवेत ओल आधीच भरपूर असते, भिंतीला बुरशी मात्र येईल. नाक कोरडं पडतं ते एसीने, तो २६ वर ठेवा.

गुळण्या सोप्या: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात तर नुसत्या साध्या पाण्याच्या गुळण्या रोज करणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली, आयोडीनच्या गुळण्यांनी तसा फरक दिसला नाही.

काढ्याचं प्रमाण आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये दिलं होतं ते बरं आहे: तुळशीची पानं चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. सगळं सुकं, जाडसर कुटायचं आणि तीन ग्रॅम पूड १५० मिली उकळत्या पाण्यात. सुंठ-मिरी जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या मसाला मार्केटमध्ये चांगली मिळते. दिवसातून एक-दोनदा, बस्स. करोनाच्या काळात लोकांनी तो चहासारखा प्यायला आणि छातीत जळजळ, तोंड येणं ओढवून घेतलं. ज्येष्ठमध घालत असाल तर रक्तदाबाच्या माणसाला देऊ नका, त्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. झाडावरून ओढून आणलेली गुळवेल तर नकोच. दुसरी जात गुळवेल म्हणून सहज खपते, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण सर्दीसाठी हा धोका पत्करावा कशाला? एक वर्षावरच्या मुलांना रात्री खोकल्यासाठी अर्धा ते एक चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध चाटवायचाही नाही, बोट्युलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा) धोका असतो.

जेवणाला चव लागत नाही तेव्हा कुळथाची पिठी. दोन मोठे चमचे पीठ तीन वाट्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. थोड्या तेलात ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या लाल करा, हिंग, हळद, एक हिरवी मिरची, वर ते पाणी. उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर पीठ तळाला धरतं. सात-आठ मिनिटं शिजू द्या, शेवटी दोन आमसुलं आणि मीठ. चव लागत नाही म्हणून मीठ वाढवू नका, मिरपूड घाला. मऊ भातावर घ्या किंवा वाटीतून गरमच प्या. कुळीथ सोसत नसेल त्यांना याच फोडणीत मुगाचं कढण.