घरून व्यायाम सुरू झाला, पण त्या एका सहीने जीव काढला

लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी (खांद्या-कंबरेचे स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार) असली की व्यायामाला बाहेर जायचं म्हणजे तिथे पोचेपर्यंतच पाय संपतात. म्हणून व्हिडिओ कॉलवरच्या एका फिजिओथेरपी कार्यक्रमात जायचं ठरवलं. नावनोंदणी, रिपोर्ट पाठवणं, सगळं झटपट झालं. अडलं ते 'वैद्यकीय परवानगी'च्या फॉर्मवर.

त्यावर चौकोन दोनच: फिट आणि अनफिट. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आधी हृदयाचं बघून या. कार्डिओलॉजिस्टनी ईसीजी, इको केला, दोन्ही ठीक निघाले. पण सही? स्नायूंच्या आजाराचं मी कसं लिहू, ती सही न्यूरॉलॉजिस्टचीच हवी, असं त्यांचं म्हणणं. परत तिकडे गेले तर डॉक्टर म्हणाले, 'फिट'वर खूण करता येणार नाही, 'अनफिट'ही नाही. कार्यक्रमवाल्यांचं उत्तर ठरलेलं: सहीशिवाय सेशन नाही. मी नुसती बसून, आणि बसून राहिल्याने सांधे आखडतात ते वेगळंच.

राग तपासण्यांचा नाही. आमच्या आजाराच्या काही प्रकारांत हृदयाचा स्नायूही कमकुवत होतो, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्याच दुसऱ्या आजारात ठोक्यांची लय बिघडू शकते, तपासायलाच हवं. राग त्या दोन चौकोनांचा आहे. आमचा प्रश्न व्यायाम करू की नको हा नसतोच. किती आणि कसा, हा असतो. ते लिहायला फॉर्मवर एक ओळ नव्हती.

शेवटी मीच पत्र टाइप केलं: हलका ते मध्यम व्यायाम, बोलता येईल इतपतच दम, 6 ते 20 च्या बोर्ग मापनावर (किती श्रम वाटतात ते आपणच आकड्यात सांगायचं) 13 च्या वर नाही, स्नायू पार थकेपर्यंत नाही, हृदयाचे रिपोर्ट सोबत. डॉक्टरांनी वाचलं, स्वतःच्या हाताने एक अट घातली (व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर थांबून लगेच दाखवणे, कारण ती स्नायू तुटल्याची खूण) आणि सही केली. तेव्हा कोरा फॉर्म घेऊन जाऊच नका.

पुढचं सोपं गेलं. मोबाइल असा ठेवा की खुर्ची आणि पावलं दोन्ही दिसतील. उठ-बसच्या चाचणीला घरातलं कुणीतरी शेजारी हवंच. वजन हळूहळू खाली सोडायचे व्यायाम आमच्या थेरपिस्टनी कमी ठेवले, कारण ताणला जात असताना जोर लावला की अशक्त स्नायूला इजा लवकर होते. दुखणं किंवा जास्तीचा अशक्तपणा दुसऱ्या दिवशीही उरला, तर पुढच्या वेळी संख्या कमी. ॲप आपोआप संख्या वाढवत असेल तर ते पहिल्याच दिवशी बंद करून घ्या.

हो, श्वासाची तपासणीही हृदयाच्या फेरीतच उरका. श्वासाचे स्नायू कमजोर असतील तर उताणं झोपून करायचे व्यायाम बदलावे लागतात. मायस्थेनिया (वापरलं की स्नायू पटकन थकवणारा आजार) असेल तर सेशन गोळीचा असर असतानाच मागा. आणि परवानगीला मुदत असते, ती तारीख आधीच बघून ठेवा. माझं पुढचं पत्र टाइप करून तयार आहे.