हँडब्रेक ओढला की झालं, असं नाही

गाडी चालवायला शिकवताना पार्किंगचा सगळा भर गाडी जागेत बसवण्यावर असतो. मागे घ्या, खांब सांभाळा, आरसे मिटा. गाडी बसवल्यावर ती रात्रभर तिथेच कशी राहील, हे फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत निदान 'पी', म्हणजे पार्क, असतो. मॅन्युअलमध्ये ते काम आपल्याला तीन गोष्टींकडून करून घ्यायचं असतं: हँडब्रेक, गिअर आणि पुढच्या चाकांची दिशा. या तिघांपैकी एकाच्याच भरवशावर गाडी सोडून जायचं नाही, कारण प्रत्येकाची एक कमजोरी आहे.

हँडब्रेकची केबल मागच्या दोन चाकांचे ब्रेक आवळते. केबल हळूहळू सैल होते, लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) झिजतात, आणि रोजच्या सवयीत ते लक्षात येत नाही. गिअर धरतो तो बंद इंजिनाच्या जोरावर: सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा इंजिनाला सहज फिरू देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे हँडब्रेक मागची चाकं धरतो आणि गिअर पुढची. दोन्ही लावले की चारही चाकं धरली गेली.

गिअर पहिला किंवा रिव्हर्सच हवा. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला साधारण १३-१४ फेरे घ्यावे लागतात, पाचव्यात जेमतेम ३-४. बंद इंजिनाला पहिल्या गिअरमधून फिरवणं गाडीच्या वजनाला जड जातं, पाचव्यातून सोपं. पण सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते, त्यामुळे जुन्या इंजिनाची गाडी नुसत्या गिअरवर उतारावर ठेवली तर टप्प्याटप्प्याने सरकू शकते. शिवाय पंक्चर काढताना पुढचं एक चाक जॅकवर उचललं, की गिअरचा आधार संपलाच. उचललेलं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवरचं दुसरं चाकही धरलेलं राहत नाही. तेव्हा हँडब्रेक हवा आणि मागच्या चाकांना दगडही.

आता क्रम. इथेच बहुतेकांचं चुकतं. गाडी थांबली, गिअर टाकला, इंजिन बंद केलं, पायाचा ब्रेक सोडला आणि मग हँडब्रेक ओढला, तर गाडीचं वजन आधीच गिअरबॉक्सवर बसलेलं असतं. सकाळी तो गिअर निघता निघत नाही, निघाला तर खटकन झटका देऊन. बरोबर पद्धत अशी: पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून न्यूट्रल करा, हँडब्रेक पूर्ण ओढा. मग क्लच सोडा आणि पायाचा ब्रेक हळूहळू सोडा. गाडी बोटभर मागे किंवा पुढे बसेल आणि थांबेल. ते बसणं म्हणजे वजन हँडब्रेकवर आलं. थांबली नाही, सरकतच राहिली, तर हँडब्रेक धरत नाहीये हे आत्ताच कळलं, तुम्ही गाडीत असताना. नीट थांबली, की पाय पुन्हा ब्रेकवर ठेवून इंजिन बंद करा, क्लच दाबून गिअर टाका, क्लच सोडा आणि शेवटी ब्रेकवरचा पाय काढा.

तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. सपाटीवर कुठलाही चालेल. इंजिन बंद असताना कधी कधी रिव्हर्स पडत नाही, दाते समोरासमोर आलेले असतात. जोर लावू नका. न्यूट्रल करून क्लच एकदा सोडा, परत दाबा, बहुतेक वेळा पडेल.

चाकांची दिशा मुंबईत कुणी बघत नाही, कारण शहर सपाट आहे असा समज आहे. पाली हिल, मलबार हिल, अल्टामाउंट रोड इथे गाडी लावणाऱ्याला विचारा. आपण डावीकडे फुटपाथला लागून उभे राहतो, त्या हिशोबाने: तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे, फुटपाथकडे वळवा. तोंड चढाकडे असेल आणि फुटपाथला उंच कड असेल तर उजवीकडे वळवा. मागे घसरली तर पुढचा डावा टायर कडेला टेकून थांबेल. कडच नसेल तर दोन्ही वेळी डावीकडे, म्हणजे सुटलीच तर रस्त्याच्या मध्यावर न येता बाजूला जाईल. उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागेवरच पिळण्यापेक्षा शेवटच्या हातभर अंतरात, गाडी सरकत असताना वळवा. टायरही वाचतो.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. हँडब्रेक एक दाताही वर आला तरी तो पेटतो. किती ओढलाय हे तो सांगत नाही. बहुतेक गाड्यांत साधारण ५ ते ८ 'टक' आवाजांत हँडब्रेक घट्ट बसतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दांडा ९-१० टकांपर्यंत वर जाऊ लागला तर गॅरेजमध्ये दाखवा. तिथे आधी मागचे ड्रम उघडून लायनर बघायला सांगा आणि मगच केबल आवळायला. नुसती केबल आवळली तर झिजलेले लायनर तसेच झाकले जातात. मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर गाडी लावली की डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल होते. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांनी हँडब्रेक परत एकदा ओढून घ्या.

आता मुंबईचा खास प्रकार. सोसायटीत किंवा ऑफिसच्या आवारात एका गाडीच्या पुढे दुसरी आडवी लावायची आणि वॉचमन सांगतो, 'साहेब, हँडब्रेक काढा, न्यूट्रलला ठेवा.' मागचा माणूस गाडी ढकलून आपली बाहेर काढणार. जागा नाही हे खरं, त्यामुळे ही पद्धत बंद होणार नाही. पण रस्त्यावर हे अजिबात करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी चालकाविना उभी असलेली गाडी इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा ती आपोआप हलणार नाही अशी सोय करूनच ठेवायची.

खासगी आवारातही फरशी डोळ्यांना सपाट वाटते, पण पावसाचं पाणी वाहून जायला तिला ढाळ दिलेला असतो. म्हणून न्यूट्रल करून ब्रेक सोडा आणि दाराच्या कडेची एखाद्या खांबाशी रेघ धरून अर्धा मिनिट बघा. केसभरही हलली तर ती जागा न्यूट्रलची नाही, वॉचमन काहीही म्हणो. चाकं सरळ ठेवा, कारण चावी काढल्यावर स्टिअरिंग लॉक होतं आणि वळलेल्या चाकांनी गाडी ढकलली की ती शेजारच्या गाडीवर जाते. रॅम्पच्या तोंडाशी तर अशी गाडी कधीच नको. ढकलणाऱ्यांनीही लक्षात ठेवायचं की रिकामी छोटी गाडीसुद्धा साधारण ७०० ते ९०० किलोची असते आणि आत ब्रेक दाबायला कुणी नाही. हळू ढकला, आणि थांबवायला दोन गाड्यांच्या मध्ये कुणीही उभं राहू नका. थांबवणारा बाजूने, दाराच्या खांबाला धरून चालतो. लहान मुलं आसपास असतील तर आधी त्यांना बाजूला न्या. काम झालं की चाकाला वीट लावा.

नव्या इमारतींतल्या स्टॅक आणि पझल पार्किंगमध्ये, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली किंवा बाजूला सरकवून ठेवतात तिथे, नेमकं उलटं: गाडीखालचं पॅलेट (लोखंडी फळी) स्वतः हलतं, म्हणून हँडब्रेक आणि गिअर दोन्ही हवेतच, आरसे मिटलेले, आत कुणी नाही. खालचा मजला खड्ड्यात असेल तर मुसळधार पावसाच्या आणि मोठ्या भरतीच्या दिवशी गाडी तिथे नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि खड्ड्यातल्या गाडीला पाणी चढायला त्याच्या फार थोडा भागही पुरतो.

पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस हलणार नसेल तर हँडब्रेकवर ठेवू नका. ओले लायनर ड्रमला गंजून चिकटतात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ते लवकर होतं. खरोखर सपाट जागा असेल तर हँडब्रेक सोडा, गिअरमध्ये ठेवा आणि एका मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. गाडी धुतल्यावरही लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नका. आवारात एक फेरी मारून, ब्रेक दोन-तीनदा दाबून पाणी उडवा, मग लावा. चिकटलाच तर जोरात ॲक्सिलरेटर देऊन ओढू नका, पहिला आणि रिव्हर्स आलटूनपालटून टाकून हलक्या क्लचवर सोडवा.

गिअरमध्ये लावलेली गाडी सुरू करताना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय चावी फिरवायची नाही. न दाबता फिरवली तर जुन्या गाड्यांत स्टार्टरच गाडी हातभर पुढे किंवा मागे फेकतो. क्लच दाबा, पायाचा ब्रेक दाबा, दांडा न्यूट्रलमध्ये आणून डावी-उजवीकडे हलवून बघा, मग चावी. आणि ज्यांना चावी देऊन जाता, वॉचमन असो, गाडी धुणारा असो की घरातला नवशिका, त्यांना 'गाडी गिअरमध्ये आहे' हे चावी हातात देतानाच सांगा.