स्पॅनिश गाणं आणि औशाची वरात

लग्नसराईत मी डीजे वाजवतो. औसा, निलंगा, कधी पार उमरग्यापर्यंत. माझ्या पेनड्राइव्हमध्ये एंट्रीची गाणी, लोकगीतं, भीमगीतं आणि त्यातच स्पॅनिश गाण्यांचं एक फोल्डर. आजी म्हणते, "काय बडबड लावलीस रे ही?"

बडबडीखालचा ठेका ऐका. टेबलावर बोटं ठेवून आठ मोजा. एक आणि पाचवर बेस, चार आणि सातवर काठी. हेच फिरवत राहायचं. त्याला देंबो म्हणतात. चारवरची काठी पुढच्या बेसच्या अगदी आधी पडते, म्हणून पाय जागेवर राहतच नाही. एका वरातीत हलगीवाले मामा टेम्पोमागं उभे राहून ऐकत होते. थोड्या वेळात त्यांच्या काडीनं नेमक्या त्याच दोन जागा धरल्या. मी फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली घेतला आणि मामांना वाजवू दिलं. लैच रंगलं.

ठेका मूळचा जमैकाचा, पनामात त्याला स्पॅनिश बोल मिळाले, पोर्टो रिकोत कॅसेटवर तो वाढला. 1995 साली तिथल्या पोलिसांनी सॅन हुआनमधल्या दुकानांतून त्या कॅसेटी जप्त केल्या. हे वाचून मला हसूच आलं. रात्री दहाला जीप दिसली की आवाज कमी करणारा माणूस मी!

माझं हुकमी गाणं 'मी हेंते', 2017 चं. कोलंबियाचा जे बाल्विन आणि फ्रान्सचा विली विलियम. विलीचं गाणं आधीच होतं, त्यावरूनच दोघांनी हे उभं केलं. मग रिमिक्समध्ये अमेरिकेची गायिका बियॉन्से आली आणि आपली कमाई तिनं पोर्टो रिको, मेक्सिको आणि वादळानं झोडपलेल्या बेटांच्या मदतीला दिली. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं असल्या मदतीचं मोल इथं कुणाला सांगावं लागत नाही.

गाणं म्हणतं, माझं संगीत कुणात भेद करत नाही. वरातीत हे शब्द कुणालाच कळत नाहीत, आणि खरा फायदा तोच. आमच्याकडं एका पुढाऱ्याचं गाणं लावलं की दुसरा गट टेम्पोसमोर आडवा येतो. एका समाजाचं लावलं की "आमचं कधी?" सुरू. स्पॅनिश गाणं कुणाचंच नाही, म्हणून त्यावर कुणी रुसत नाही. नवरदेवाचे मामा, पुण्याहून आलेली पोरं, हलगीवाले, सगळे एकाच गर्दीत. पुढचं गाणं लागेपर्यंत तरी.

'देस्पासितो' हे दुसरं स्पॅनिश गाणं मात्र मी मूळचंच वाजवतो. गायक जस्टिन बीबरवालं रिमिक्स अमेरिकेत 16 आठवडे एक नंबरला होतं, मान्य. पण त्याची सुरुवात फार संथ आहे. तेवढ्यात पोरं मोबाईल काढतात आणि नवरदेवाचा घोडा पुढं निघून जातो.