बूट विकणारा प्रशिक्षक

मिलानमध्ये एसी मिलान हा फुटबॉल क्लब हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी बारमध्ये (इथे बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान, आईला ते अजून पटलेलं नाही) एस्प्रेसो संपेपर्यंत प्रशिक्षकाचा उद्धार चालतो. काउंटरवरच्या गुलाबी 'गाझेत्ता' या क्रीडा दैनिकावर हात आपटून साठी ओलांडलेलं कोणीतरी हमखास जुना प्रशिक्षक आर्रीगो साक्कीचं नाव काढतं.

साक्की रोमान्यातल्या फुझिन्यानो या छोट्या गावचा. वडिलांचा बुटांचा कारखाना, तोही बूट विकायचा. व्यावसायिक फुटबॉल तो कधीच खेळला नाही. लहान क्लबांना शिकवत शिकवत पार्माला पोचला. 1986-87 च्या इटालियन कपात दुसऱ्या श्रेणीतल्या त्याच्या पार्मानं मिलानला हरवलं आणि मिलानचा मालक बेर्लुस्कोनीनं त्यालाच उचलून आणलं. 'स्वतः किती खेळलास?' हा आपल्याकडचा लाडका प्रश्न इथेही आलाच. त्याचं उत्तर अजून लोकांच्या तोंडी आहे: जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं!

इटलीची तेव्हाची रीत बचावाची. समोरचा एकेक माणूस धरायचा आणि मागे एक जादा राखणदार ठेवायचा. साक्कीनं माणूस सोडून जागा राखायला शिकवलं. चेंडू गेला की तिथल्या तिथे हिसकावायचा, आणि बचावफळी ते आघाडीफळी अंतर जेमतेम 25 मीटर. सरावात कधी चेंडूच नसे. तो कुठे आहे असं समजायचं ते साक्की ओरडून सांगे आणि अख्खा संघ त्याप्रमाणे सरके. खेळाडू कुरकुरले तेव्हा त्यानं पैज लावली (किस्सा त्यानंच सांगितलेला): एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू, दुसऱ्या बाजूला गुलिट, वॅन बास्टन या संघातल्या डच ताऱ्यांसह दहा जण. दहा जणांना एकही गोल करता आला नाही.

पहिल्याच मोसमात लीग जिंकली. एप्रिल 1989 मध्ये सान सिरोवर रिआल माद्रिदचा 5-0 धुव्वा, मग बार्सिलोनात स्टेआवा बुखारेस्टला 4-0 हरवून युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग). 1990 मध्ये पुन्हा तोच कप. पुढे 1994 च्या विश्वचषकात त्याची इटली अंतिम फेरीत ब्राझीलकडून पेनल्टीवर हरली.

सगळे काही त्याचे भक्त नाहीत. चार वर्षांत लीग एकदाच, वॅन बास्टनशी बिनसलेलं. 1991 मध्ये तो गेला आणि बऱ्याचशा त्याच खेळाडूंना घेऊन नवा प्रशिक्षक कापेल्लोचा संघ लीगमध्ये सलग 58 सामने हरला नाही. तरी मी साक्कीच्याच बाजूचा. जर्मनीत माइन्झ क्लबच्या खेळाडूंना त्याच्या मिलानचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवले जायचे, आणि ते बघणाऱ्यांत पुढे लिव्हरपूलचा प्रशिक्षक झालेला युर्गेन क्लॉप होता.