सेंट लुईस, दादा आणि बी फ्लॅट

दादा नाशिकहून महिनाभरासाठी आमच्याकडे शिकागोला आला आणि पहिल्याच जेवणाला म्हणाला, "नायगारा वगैरे राहू दे. मला चक बेरीचं गाव दाखव." शनिवारी पहाटे निघालो. सेंट लुईस गाडीने पाच तास. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना मकाच मका.

चक बेरी, अमेरिकन रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक, आमच्या घरात कॅसेटमधून आला. मी सातवीत, दादा अकरावीत. दुपारी आईचा डोळा लागला की आवाज बारीक करून आम्ही टेपला कान लावून बसायचो. दादाकडे मित्राची उसनी गिटार होती. 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात तो दिवसभर घोटायचा आणि दर वेळी अडकायचा, कारण गाणं बी फ्लॅट या पट्टीत आहे. त्या पट्टीत गिटारच्या मोकळ्या तारा फारशा कामाला येत नाहीत, सगळं बोटांनी दाबून धरावं लागतं. "मुद्दाम अवघड वाजवतो हा माणूस," दादा कौतुकाने म्हणायचा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर हेच गाणं अवकाशात गेलं, हे त्याने मला सांगितलं तेव्हा आमच्याच घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

पुढे मी त्याच्याबद्दल वाचत गेले. डिसेंबर १९५९ मध्ये त्याला अटक झाली. चौदा वर्षांच्या एका मुलीला राज्याच्या सीमा ओलांडून सेंट लुईसला आणल्याचा, तेही अनैतिक हेतूने, असा आरोप होता. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाचे शेरे इतके वर्णद्वेषी होते की वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्या खटल्यातही तो दोषी ठरला आणि साधारण दीड वर्ष तुरुंगात राहिला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी न्यायाधीशावर चिडले. काळ्या कलाकाराला कसं छळलं, एवढंच मला दिसलं, आणि ते खोटं नव्हतं. कैक वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा माझी नजर त्या 'चौदा'वर थांबली. त्यातच १९९० साली वेंट्झव्हिलच्या त्याच्या रेस्टॉरंटमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहात कॅमेरे लावल्याचा आरोप झाला. त्याने इन्कार केला, पण शेवटी बऱ्याच बायकांना पैसे देऊन तो दावा मिटवला. त्यानंतर काही वर्षं त्याचं गाणं लागलं की मी बंद करायचे. दादाला मात्र यातलं काही कधी सांगितलं नाही.

डेलमार बुलेव्हार्ड या रस्त्यावर ब्लूबेरी हिल हे रेस्टॉरंट आहे. त्याच्या तळघरातल्या डक रूममध्ये चक बेरी १९९६ पासून २०१४ पर्यंत वाजवत होता. म्हणजे ऐंशी ओलांडल्यावरही! रस्त्यापलीकडे त्याचा कांस्य पुतळा, गिटार घेऊन वाकलेला. तो २०११ मध्ये बसवला तेव्हाही शहरात विरोध झाला होता. दादा धावतच त्याच्याजवळ गेला. मी फोटो काढला. "आता तू ये," तो म्हणाला. मी नको म्हटलं. का, ते मग बाकावर बसून सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "चौदा?"

तिथून आम्ही द व्हिल या वस्तीत गेलो. समनर हायस्कूल इथेच, मिसिसिपीच्या पश्चिमेला काळ्या मुलांसाठी निघालेलं पहिलं हायस्कूल, १८७५ सालचं. चक इथेच शिकला. जवळच व्हिटियर स्ट्रीटवर ३१३७ क्रमांकाचं त्याचं विटांचं बैठं घर. पहिली गाजलेली गाणी त्याने इथे राहताना लिहिली. घर बंद होतं. दादा फाटकाशी उभा राहिला, पण फोन काही खिशातून काढला नाही.

परतताना नदी ओलांडली की लगेच ईस्ट सेंट लुईस. मला आता याच गावाचं जास्त वाटतं. १९५२ च्या थर्टी फर्स्टला इथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात जॉनी जॉन्सन या पियानोवाल्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला, म्हणून त्याने बदली म्हणून चकला बोलावलं. बँड जॉनीचा होता! बी फ्लॅट, ई फ्लॅट हे पियानोवाल्यांच्या हाताचे सूर. गिटारवाला आपणहून तिकडे कशाला जाईल? चक जॉनीच्या पियानोमागून तिथे गेला, असं रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्ससारखे गिटारवादकही सांगतात, आणि मला ते पटतं. चकच्या १९५५ च्या 'मेबेलिन' या गाण्यावर दुसऱ्या दोघांनी गीतकार म्हणून आपली नावं घुसवली होती. ते हक्क परत मिळवायला चकला १९८६ साल उजाडलं. ही लूट सोसलेल्या माणसाने जॉनीचं नाव एकाही गाण्यावर घातलं नाही, हे मला फार लागतं. जॉनीने २००० साली दावा लावला, पण फार उशीर झाला म्हणून कोर्टाने तो फेटाळला. मधल्या काळात त्याने सेंट लुईसमध्ये बस चालवली होती.

"म्हणजे मी वर्षभर पियानोशी झगडत होतो," दादा म्हणाला. मी 'मेबेलिन' लावलं. "गिटार सोड, मागचं ऐक," मी म्हटलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. पियानो खूप खाली दबलेला आहे, पण एकदा सापडला की सुटत नाही. मला हे गाणं पुन्हा ऐकता येतं ते त्याच्यामुळे.

"परत लाव," दादा म्हणाला. तीनदा ऐकलं.

मग मका सुरू झाला. बऱ्याच वेळाने तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या मुलीचं पुढे काय झालं गं?"

स्प्रिंगफील्ड येईपर्यंत गाडीत गाणं लागलं नाही.